आधी स्टेशन ठरव, मग मुंबई

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळची लालबागची, वय ४१. लग्नानंतर आम्ही मुलुंडला भाड्याने राहायचो. माझी नोकरी फोर्टला होती. सुटल्यावर करी रोडला उतरायचे, आईकडे चहा घ्यायचे आणि मग घरी. २०१८ च्या जूनमध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे बंगळुरूला आलो. व्हाइटफील्डच्या बाजूला स्वतःचा फ्लॅट आहे, कर्जाची नऊ वर्षं बाकी आहेत. मी एका छोट्या फर्मचं अकाउंट्सचं काम घरूनच करते. मुलगी सातवीत आहे.

आई ७३ वर्षांची. चाळीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. पागडीची, म्हणजे एकदाच रक्कम देऊन कायमच्या भाड्याने घेतलेली, खोली आहे, भाडेपावती तिच्या नावावर. बाबा गिरणीत होते, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. फेब्रुवारीत आई मोरीत पाय घसरून पडली. शेजारच्या मुलांनी तिला केईएमला नेलं. भाऊ विरारहून पोहोचेपर्यंत दोन तास गेले, मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने पोहोचले. मनगट मोडलं होतं, बाकी काही झालं नाही. पण तेव्हापासून रात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. आईला इथे आणून बघितलं, दोन महिन्यांत "मला घरी सोड" म्हणाली.

नवऱ्याला ऐरोलीच्या ऑफिसात बदली मिळू शकते. तो म्हणतो, इथला फ्लॅट विकू आणि डोंबिवलीच्या पुढे टाऊनशिपमध्ये थ्री बीएचके घेऊ. आता अटल सेतू झाला, मेट्रो झाली, पूर्वीचे हाल राहिले नाहीत. मुलगी म्हणते, मी येणार नाही. मला मात्र शनिवारचं दादरचं फुलमार्केट आठवतं, शिवाजी मंदिरची नाटकं आठवतात, ७.५२ च्या लेडीज डब्यातला आमचा ग्रुप आठवतो. इथे आठ वर्षांत ओळखी झाल्या, मैत्रीण झाली नाही. पण परत आलो तर सासरचे म्हणतील, तिकडे जमलं नाही वाटतं. चाळीचा पुनर्विकास होणार आहे, आईला मोठं घर मिळेल, म्हणजे पुढची सोय आहेच. यावं का परत?

— लालबागची लेक, बंगळुरू

*

तू मला ताई म्हटलंस, म्हणून अगं-तुगं करते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू लालबागची आहेस हे पहिल्याच ओळीत सांगितलंस, पण जे जे आठवतं म्हणून लिहिलंस ते मुलुंडला राहत असतानाचं आहे. ७.५२ मुलुंडची. करी रोडला उतरून आईकडे चहा घ्यायचीस तेही मुलुंडला परतताना. म्हणजे तुझ्या आठवणीत जी मुंबई आहे ती एका स्लो लोकलच्या वाटेवरची आहे. ऑफिस, आईचं घर आणि तुझं घर, तिन्ही एकाच लाइनवर, एकाच पासावर. आईला भेटायला तुला वेगळा वेळ काढावा लागत नव्हता, ती वाटेतच होती. तुला ते परत हवं आहे. आणि डोंबिवलीच्या पुढच्या थ्री बीएचकेत ते मिळणार नाही.

माझं सांगते. आम्ही आठ वर्षं नागपूरला होतो. १९९९ साली परत आलो ते केवळ सासूबाईंसाठी. त्या दादरला एका खोलीत एकट्या राहायच्या. दादरला घर घेण्याची आमची ऐपत नव्हती, म्हणून बदलापूरला घेतलं. बदलापूर म्हणजे मुंबईच की, असं आम्हीच आम्हाला सांगितलं. नागपूरला असताना मी वर्षातून तीनदा विदर्भ एक्स्प्रेसने यायची आणि आठ-दहा दिवस त्यांच्या खोलीतच राहायची. दुपारी दोघी मिळून भाजी निवडायचो, रात्री मी त्यांच्या पायांना तेल लावायची. बदलापूरला आले आणि महिन्यातला एक रविवार उरला. रविवारी मेगाब्लॉक असला की तोही गेला, नुसता फोन. उरलेले दिवस सकाळी डबे, गाडी, ऑफिस, गाडी, आणि रात्री नऊला घरात पाय. वर्षभराने सासूबाई मला म्हणाल्या, "तू नागपूरला होतीस तेव्हा जास्त भेटायचीस." त्यांच्या आवाजात तक्रार असती तर मी भांडले असते. त्यांनी ते सहज म्हटलं आणि पुढे भाताला पाणी किती घालू विचारलं.

त्या गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. पण घर बघायला निघालेल्या प्रत्येकाला मी हे सांगते, कारण आम्ही "मुंबई की नागपूर" यावर सहा महिने घासाघीस केली आणि स्टेशन कुठलं यावर जेमतेम एक संध्याकाळ.

म्हणून तुझा प्रश्न मी जरा हलवते. मुंबईत यावं का, हे बाजूला ठेव. आईपासून किती मिनिटांवर राहता येईल, ते आधी काढ. तुझ्याच पत्रात उत्तराचा अर्धा भाग आहे. आई पडली तेव्हा मुलगा मुंबईत होता, निदान विरारचा माणूस मुंबईत राहतो असंच आपण म्हणतो. तरी त्याला दोन तास लागले. त्यात त्याचा दोष नाही. घरातून निघायचं, विरारला गाडी पकडायची, दादरला उतरायचं, पूल चढून सेंट्रलला यायचं, तिथून स्लो. तू टाऊनशिपमध्ये आलीस तर तुझे दोन तास वेगळ्या दिशेने, पण दोनच तास. आधी रिक्षा किंवा बस करून स्टेशन गाठायचं, मग फास्ट मिळाली तरी दादरला बदलायचं, कारण चिंचपोकळी आणि करी रोडला फास्ट थांबत नाही हे तुला मी सांगायला नको.

तुझ्या नवऱ्याचं म्हणणं चुकीचं नाही. मुंबई खरंच बदलली आहे. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, जवळजवळ २२ किलोमीटरचा आहे, शिवडीहून पलीकडे न्हावा शेव्याच्या बाजूला वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचवतो. आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. ज्यांच्या वाटेवर हे आलं त्यांचं आयुष्य सोपं झालं, माझी भाची रोज दुवा देते. पण तुम्हा दोघांची वाट काढून बघ. त्याला ऐरोलीला जायचं आहे, तुला लालबागला. डोंबिवलीच्या पुढून या दोन्ही ठिकाणी जाताना ना सेतू लागतो ना भुयारी मेट्रो. दुसऱ्याच्या वाटेवरच्या पुलाच्या भरवशावर आपलं घर घेऊ नये.

आता त्याच नकाशावर मुलुंड बघ. मुलुंड पूर्वेहून खाडीचा पूल ओलांडला की ऐरोली. बस आहे, रिक्षा आहे, आणि नाहीच तर ठाण्याला जाऊन ट्रान्सहार्बरची गाडी. तुझ्या बाजूने मुलुंडहून करी रोड स्लोने पाऊण तास, भांडुपहून त्याहून थोडं कमी. तुम्ही जिथून गेलात तिथेच बोट टेकतंय. हा योगायोग नाही. तेव्हाही तुम्ही दोघांनी विचार करूनच ती जागा निवडली असणार.

मुलुंड-भांडुपला थ्री बीएचके परवडणार नाही, ठाऊक आहे. वन बीएचके भाड्याने परवडेल का, ते बघा. मी तर म्हणेन पहिली दोन वर्षं भाड्यानेच राहा आणि बंगळुरूचा फ्लॅट विकू नका, भाड्याने द्या. त्याचं भाडं इथल्या भाड्याला पुरणार नाही, हप्ताही चालू राहील, महिन्याला ओढाताण होईल. पण दोन वर्षांत न जमल्यास परतीची वाट राहील. आणि दोन वर्षांनी विकायचंच ठरलं तरी घाईने दुसरं घर घ्यायची गरज नाही. राहतं घर विकून झालेला नफा दुसऱ्या घरात घालायला प्राप्तिकराचा कायदा विक्रीनंतर दोन वर्षं देतो. मधल्या काळात, रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत पैसे वापरले नसतील, तर ते बँकेच्या कॅपिटल गेन खात्यात ठेवावे लागतात. तू अकाउंट्सवाली, हे तुला माझ्यापेक्षा नीट कळतं, नवऱ्याला समजावून सांग. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असू दे. ती जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे, तरी पाठपुरावा तुम्हीच करा. गाडी कर्नाटकच्या नंबरची असली तर बारा महिन्यांच्या आत इथे नोंदवावी लागेल. तिकडच्या आरटीओची एनओसी निघण्याआधीच घेऊन ठेवा.

आता पुनर्विकास. तुझ्या पत्रातल्या "पुढची सोय आहेच" या तीन शब्दांवर मी अडखळले. गोरेगावच्या पत्रा चाळीत ६७२ कुटुंबं होती. २००८ साली करार झाला, लोकांनी घरं रिकामी केली, भाडं काही काळ मिळालं आणि मग बंद झालं. त्यातल्या कित्येकांनी नव्या घराची वाट बघत पंधरा वर्षांहून जास्त काढली, आणि अनेक म्हातारी माणसं वाट बघतच गेली. सगळीकडे असं होतं असं नाही. नीट झालेले पुनर्विकासही मी पाहिले आहेत, माझ्या मैत्रिणीच्या आईने आठव्या मजल्यावरच्या बाल्कनीत तुळस लावली आहे. पण ७३ व्या वर्षी "होणार आहे" यावर काही उभं करू नये. शिवाय "मोठं घर" म्हणजे किती तेही बघ. जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणाऱ्या, इमारतीत भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट मिळतात. आईला ते पुष्कळ वाटेल, पण तुम्हा चौघांचं घर काही ते नाही.

आणि पागडीचं एक लक्षात ठेव. भाडेकरू वारल्यावर त्या खोलीचा हक्क आधी जाऊ शकतो तो तिच्याबरोबर तिथे राहत असलेल्या घरच्या माणसाकडे. तसं कुणी नसेल तर वारसांनी आपसात ठरवायचं, नाही ठरलं तर कोर्ट. हे आत्ता बोलायला नको वाटतं, कळतं मला. पण भावाशी हे आई धडधाकट असताना, तिच्यासमोर, चहा पिताना बोलून घ्या. मागाहून बोलायची वेळ आली की बहीण-भावांचे आवाज वेगळे लागतात.

पण मला खरी काळजी वेगळीच वाटते. आईला केईएमला कोणी नेलं? शेजारच्या मुलांनी. भाऊ पोहोचायच्या आत, तू विमानात बसायच्या आत. तिथून केईएम किती जवळ, आणि चाळीत एकाने हाक मारली की सहा दारं उघडतात. आज तुझ्या आईला सांभाळणारी ती चाळ आहे, म्हणूनच ती बंगळुरूत दोन महिन्यांत कासावीस झाली. बंद दारांच्या इमारतीत कुणाला हाक मारणार? पुनर्विकास खरोखर सुरू झाला तर ती चाळ एका महिन्यात रिकामी होईल. कुणी ट्रान्झिट कॅम्पात, कुणी मुलाकडे नालासोपाऱ्याला, कुणी गावाला. तो दिवस आईला मोरीतल्या पडण्यापेक्षा जड जाईल. तू जवळ असण्याची गरज तिला तेव्हा सगळ्यात जास्त लागणार आहे. म्हणून घर बघताना आजच्या आईकडे बघून बघू नकोस, त्या दिवशीच्या आईकडे बघून बघ. लिफ्ट हवी, कमोड हवा, मोरीच्या लाद्या खडबडीत हव्यात, खाली बसायला बाक हवा आणि त्या बाकावर मराठी बोलणाऱ्या दोन बायका हव्यात. मुलुंड-भांडुपला हे सगळं मिळतं. गव्हाणपाड्याच्या बाजूला संध्याकाळी एक फेरी मारून बघ.

आता तुझ्याबद्दल. आई पडली ते तू चार वाक्यांत आटोपलंस आणि तुझा हात मोकळा झाला तो फुलमार्केटवर, शिवाजी मंदिरवर, ७.५२ वर. यात लाजण्यासारखं काही नाही. तुला आईसाठी यायचं आहे आणि तुला तुझ्यासाठीही यायचं आहे. फक्त दोन्ही कारणं एका पिशवीत भरू नकोस. सगळं आईच्या नावावर टाकलंस, तर उद्या पावसात तीन तास गाडीत उभी राहिलीस की राग आईवर निघेल, आणि त्या बिचारीने तर तुला ये म्हटलेलंही नाही. एक प्रश्न स्वतःला विचार, जरा कठोर आहे: आई नसेल तेव्हाही तुला इथे राहायला आवडेल का? उत्तर हो आलं तर तुझं येणं पक्क्या पायावर आहे. नाही आलं, तर बिऱ्हाड हलवायची गरज नाही. तुझं काम घरून होतं. महिन्यातले आठ दिवस लॅपटॉप घेऊन आईच्या खोलीत येऊन राहा. दरमहा आठ दिवस म्हणजे वर्षाचे तीन महिने होतात. टाऊनशिपमधून तू तिला तेवढी कधीच भेटणार नाहीस. तुझ्या ऑफिसशी यावर एकदा बोलून बघ, लोक वाटतात त्यापेक्षा समजूतदार असतात.

आणि त्या ग्रुपबद्दल एक सांगायला हवं. आठ वर्षांत त्या डब्यातल्या बायका बदलल्या असतील. कुणाचं ऑफिस बीकेसीला गेलं असेल, कुणी एसी लोकलचा पास काढला असेल, कुणी घरूनच काम करत असेल. जुन्या मैत्रिणींना आत्ताच फोन कर. किती जणी अजून मुलुंडला आहेत ते कळेल, आणि भाड्याच्या घराची माहितीही दलालापेक्षा त्याच बरी देतील.

मुलीचं "मी येणार नाही" हे बाराव्या वर्षाचं बोलणं आहे, पण ते हट्टात काढू नकोस. चार वर्षांची असताना तिला तिकडे नेलंत. तिचं शहर बंगळुरूच आहे. मैत्रिणींशी कन्नडमध्ये भांडत असेल तर ती तिथे रुजली आहे. तुला आज दादरची जी ओढ लागली आहे, तीच तिला तिकडची लागेल, आणि ती ओळखू शकणारं घरातलं माणूस तूच आहेस. यायचंच असेल तर आठवीच्या सुरुवातीला या. सीबीएसई असेल तर नववीत बोर्डाची नोंदणी होते, दहावीत शाळा बदलणं फार अडचणीचं, त्यामुळे खिडकी छोटी आहे. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, तेव्हा तिचं मराठी वाचन-लेखन आत्तापासून घ्यायला लाग. रोज अर्धा तास, आजीला एक पत्र लिहायला लाव. आजीचं उत्तर येईल त्याने अर्धं काम होईल.

सासरच्यांचं काय म्हणणं पडेल, त्यावर मी फार वेळ घालवणार नाही. तू गिरणगावातली आहेस. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाल्यावर किती कामगार बिऱ्हाड आवरून गावी गेले, किती वर्षा-दोन वर्षांनी परत आले, ते तुझ्या चाळीतल्या म्हाताऱ्यांना विचार. कोकणातल्या चाकरमान्याचं सगळं आयुष्य जाण्या-येण्यात गेलं. गावी गेला म्हणून मुंबईत हरला, असं त्याला कोणी म्हणालं नाही.

आता तू काय कर, ते सांगते. गणपतीत येऊन ठरवू नकोस. त्या दहा दिवसांत लालबाग सगळ्यांनाच आपलं वाटतं. जुलैत ये. मुलीला आणि नवऱ्याला घेऊन, तीन आठवडे. त्याला ऐरोलीच्या ऑफिसातून काम करू दे, म्हणजे बदली तोंडी आहे की लेखी तेही कळेल. लेखी आल्याशिवाय एक खोकंसुद्धा भरू नका. मुलुंडला एखादी जागा तीन आठवड्यांसाठी मिळाली तर उत्तम. तो ऐरोलीला जाऊ दे, तू रोज सकाळी स्लोने आईकडे जा, तिथेच काम कर, संध्याकाळी परत. हिंदमाताला पाणी भरेल, गाड्या रखडतील, छत्री उलटी होईल. एक दिवस मुद्दाम त्या टाऊनशिपहूनही निघून बघा, सकाळी आठला, नवराही बरोबर हवा. तीन आठवड्यांनंतरही संध्याकाळी करी रोडच्या जिन्यावर तुझा पाय उत्साहाने पडत असेल, तर पुढच्या उन्हाळ्यात सामान बांध.

आणि त्या तीन आठवड्यांत आईला विचार. तुझ्या एवढ्या लांबलचक पत्रात नवरा काय म्हणतो ते आहे, मुलगी काय म्हणते ते आहे, सासरचे काय म्हणतील तेही आहे. आई काय म्हणते ते नाही. "मी येऊ का?" असं विचारलंस तर ती "तुमचं तुम्ही बघा, माझी काळजी करू नका" म्हणेल, सगळ्याच आया म्हणतात. तिला असं विचार: "आई, चाळ रिकामी झाली तर तू कुठे राहशील?" दुपारची वेळ बघ, जेवणं झाल्यावर, ती पानाचा डबा घेऊन बसली असेल तेव्हा. विचारलंस की गप्प राहा. ती लगेच बोलणार नाही, आधी उठून गॅलरीतले कपडे बघेल. ती परत येऊन बसेपर्यंत थांब.